ठराव क्रमांक चार

सभा बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत भरली,
हजर अकरा, चहा अकरा, खुर्च्या नऊ.
खाली लाद्या फुटत होत्या
आणि वर मी, चिटणीस, वहीत लिहीत होतो:
विषय चौथा. बस्त्यांव फर्नांडिस, जर्सी सात,
वय एकेचाळीस, यंदा ठेवायचा की कसे.

विषय नवा नाही.
गेल्या वर्षीच्या पानावर आहे, त्याच्या आदल्या वर्षीच्याही,
दर वेळी माझ्याच अक्षरात: पुढील सभेपर्यंत तहकूब.
पण यंदा लीगवाल्यांनी अठराच नावं मागितली
आणि सतरा भरली होती.
अठराव्या ओळीसाठी आजगावचा नौशाद,
वय सतरा, बूट मोठ्या भावाचे, पुढे कापूस कोंबलेला,
असा पळतो की शिरोड्याच्या मिठागरातले बगळे
उडायचं की नाही ते ठरवेपर्यंत हा पलीकडच्या बांधाला.

खजिनदार गिरप म्हणाले, "तेचो गुडघो बघलास?
दर म्याचीक निगडीचो पालो, दर म्याचीक बँडेज,
ह्यो खर्च कोण धरतलो?"
पाल्याला खर्च नसतो. मी बोललो नाही.
कृष्णा तांडेल, ज्याची होडी वीस वर्षांची, म्हणाला,
"फळी बदलतत. होडी टाकनत नाय."
"अरे, तो फळीच हा, होडी नाय," मागून कुणीतरी.
सगळे हसलो. बस्त्यांवसुद्धा.

कारण तो तिथेच होता, दाराला टेकून,
सभासद क्रमांक बावीस, वर्गणी भरलेली.
बसला की उठायला वेळ लागतो, म्हणून उभा.

त्याच्या बाजूने काय लिहावं?
की हल्ली तो धावत नाही,
पण दुपार कलली की खारा वारा कोणत्या घटकेला वळतो
ते त्याला गालावर कळतं,
आणि चेंडू तो सोडतो जिथे कुणीच नाही तिथे.
मग वारा चेंडूला वळवतो, आमचा कुणीतरी पोचतो,
रेडीविरुद्धचा गोल असाच झाला.
सावंतवाडीविरुद्ध असाच सोडला आणि वारा पडला.
ते हरलो. तेही लिहायला हवं.
इतिवृत्तात वाऱ्याला रकाना नसतो.

मतदान हात वर करून.
ठेवावा: पाच.
ठेवू नये: पाच.
त्या पाचांत माझा डावा. उजवा लिहीत होता,
आणि मान वहीत घातली की
आपला हातसुद्धा दुसऱ्याचा वाटू शकतो.

सगळे दाराकडे बघायला लागले.
आम्हाला वाटलं, आता हा आमची सोय करील,
पोराक खेळवा म्हणेल,
जर्सी घडी घालून टेबलावर ठेवील,
मग गिरप दोन शब्द बोलतील. नारळ तर होताच,
कोपऱ्यात, पिशवीत, शालीसकट.
कुणी आणला ते मी विचारलं नाही.

बस्त्यांवने हात वर केला.
"माझा मत माका," म्हणाला.
"माका अजून खेळूचा हा."

कुणी चहाचा पेला उचलला, तो रिकामा होता.
नियमात बसत होतं. नियम मीच वाचून दाखवला,
दोनदा, कारण गिरपांना पहिल्यांदा ऐकू आलं नाही.
सहा विरुद्ध पाच. ठराव मंजूर.
अठराव्या ओळीत नाव घातलं, शाईने.

जिना लोखंडी, सोळा पायऱ्या, बर्फाच्या पाण्याने ओल्या.
तो उतरला आडवा, कुर्लीसारखा,
एकेका पायरीवर दोन्ही पाय आणत.
मी मागे. पुढे जायला जागा होती, गेलो नाही.
नवव्या पायरीवर थांबून, न वळता म्हणाला,
"डावो हात तुझो होतो मा?"
होय म्हणालो.
"बरा," म्हणाला, आणि दहावी उतरला.

खाली नौशाद सायकलला टेकून.
त्याने काही विचारलं नाही,
आमच्या उतरण्यावरूनच कळलं असावं.
सायकल वळवली आणि गेला,
सीटवर न बसता, उभ्याने पेडल मारत,
मिठागराच्या बांधावरून, थेट बगळ्यांत.
बस्त्यांव बघत राहिला, बगळे परत बसेपर्यंत.
मग खिशातून बँडेज काढून पुन्हा गुंडाळत म्हणाला,
"आयतवारी गाडी किती वाजता?"